भूगोलाच्या पाठासाठी निसर्गाचे छायाचित्र : काही सामान्य चुका

सहलीस येऊ न शकलेल्या मुलास डोंगराची ओळख पुष्कळदा छायाचित्रावरूनच होते. चित्र सदोष असल्यास त्याच्या मनात डोंगराची चुकीची कल्पना रुजते. म्हणून शिक्षकांनी पुढील चुका टाळाव्यात. उदाहरणार्थ, भंडारदरा जलाशयाच्या काठावरून कळसूबाईचे चित्र घ्यावयाचे आहे, असे समजू.

१. माध्यान्हीचे ऊन : सूर्य माथ्यावर असता डोंगराचा उठाव नाहीसा होतो, बेसॉल्टच्या थरांच्या पायऱ्या दिसत नाहीत. सकाळी वा सायंकाळी, बाजूने तिरपे ऊन पडत असता चित्र घ्यावे.

२. कललेली चौकट : मोबाईल तिरपा धरल्यास पाणी उतरणीवर थांबल्यासारखे भासते. पाणी समपातळीत राहते हा पाठ मग चित्रच खोटा पाडते. पडद्यावरील आखीव रेषांचा उपयोग करावा.

३. मापाचा अभाव : मोबाईलचे नेहमीचे भिंग विस्तृत टापू टिपते. त्यामुळे १,६४६ मीटर उंचीचे, राज्यातील सर्वोच्च शिखर टेकाडासारखे दिसते. पायथ्याची घरे वा झाडे चौकटीत घ्यावीत. त्यांवरून उंचीचा अंदाज येतो.

४. रिकामे आकाश : ढगांचा पाठ नसेल, तर आकाशास चौकटीचा तिसरा हिस्सा पुरे.

चित्राखाली स्थळ, दिशा, महिना व वेळ अवश्य लिहावी. वर्गात ते दाखवून, "येथे किती थर दिसतात? घराच्या मानाने डोंगर केवढा?" असे प्रश्न विचारावेत. उत्तरे मुलांना चित्रातूनच शोधता आली, म्हणजे चित्र साधले असे समजावे.