पदवी घेऊन मेथी विकायची?

बारावीनंतर मुलाने किंवा मुलीने ‘मला भाजीपाला पिकवून स्वतःच विकायचाय’ असं म्हटलं, की घरात पैशांआधी ‘लोक काय म्हणतील’ यावर चर्चा होते. त्यावर माझ्याकडे इलाज नाही. पैशांबद्दल मात्र बोलता येतं.

दहा एकरांवर टोमॅटो लावून मार्केट यार्डात पाठवणं हा एक धंदा. वीस गुंठ्यांत पंधरा भाज्या लावून त्या जवळच्या शहरात ओळखीच्या गिऱ्हाईकाला देणं हा दुसराच. पहिल्यात आडत्याची पट्टी हातात पडते तेव्हा भाव कळतो. दुसऱ्यात भाव तुम्ही सांगता, पण माल संपवायची जबाबदारीही तुमचीच. २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला आणि त्याच वर्षी संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडी बाजारांची योजना आली. वसईच्या वाड्यांमधल्या बायका त्याआधी कितीतरी वर्षं पहाटेच्या लोकलने भाजी घेऊन मुंबई गाठत होत्या. त्यांना कुणी करिअर मार्गदर्शन केलं नव्हतं!

या धंद्यातलं खरं कसब पेरणीच्या वेळापत्रकात आहे. मेथी महिन्याभरात निघते, कोथिंबिरीला चाळीस दिवस धरा. भेंडी दीड महिन्याने सुरू होते आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर निबर होते. सगळी मेथी एकदम पेरली तर या आठवड्यात जुड्यांचा ढीग आणि पुढच्या आठवड्यात रिकामी पाटी. म्हणून दर आठवड्याला एकच वाफा पेरायचा. धणे रगडून, दोन फाका करून पेरायचे. पावसाळ्यासाठी उंच गादीवाफे, उन्हाळ्यात शेडनेट. थंडीत मेथी सगळ्यांकडेच असते, भाव कोसळतो. जून-जुलैत ज्याच्याकडे पालेभाजी टिकली तो कमावतो.

विक्रीचंही तसंच. जुडीवर भरपूर पाणी मारलं की ती बाजारात ताजी दिसते आणि गिऱ्हाईकाच्या फ्रिजमध्ये काळी पडते. ते गिऱ्हाईक भांडायला येत नाही, पुढच्या वेळी शेजारच्या पाटीपाशी थांबतं. सोसायटीतल्या काकूंशी दोन शब्द बोलायचाही ज्याला कंटाळा आहे, त्याने या वाटेला जाऊ नये, मग त्याला शेतीची कितीही आवड असो.

आता हिशेब. समजा आठवड्याला दोन बाजार आणि प्रत्येकी पाच हजारांची विक्री. महिन्याचे चाळीस हजार झाले. हा गल्ला आहे, उत्पन्न नाही. बियाणं, खत, खुडणीची मजुरी, टेम्पो, जागेचं भाडं आणि संध्याकाळी उरलेला, कुणी न घेतलेला माल वजा करून निम्मे हाती राहिले असं धरा. सुरुवातीला तेवढेही राहणार नाहीत. पहिलं वर्ष घरखर्च या पैशांवर अवलंबून नसेल तरच उडी घ्यावी.

शिक्षण सोडायचं का? मुळीच नाही. दहावीनंतर कृषी पदविका आहे; बारावी विज्ञाननंतर सीईटी देऊन राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांत कृषी किंवा उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी घेता येते. धंदा जमला नाही तर बँकेची कृषी अधिकाऱ्याची परीक्षा, बियाणं कंपन्या, कृषी सेवा परीक्षा हे रस्ते त्या पदवीमुळे उघडे राहतात, आणि पालकांना रात्री झोप लागते. मात्र वर्गात रोगकिडी शिकवतील. उरलेल्या पन्नास जुड्या संध्याकाळी सातला कुणाच्या गळ्यात मारायच्या, हे कुठलंही विद्यापीठ शिकवत नाही. त्यासाठी सुट्टीत एखाद्या मळेवाल्याकडे किंवा आठवडी बाजारातल्या शेतकऱ्याकडे राबायला पाठवा. पहाटे चारची काढणी आणि भर उन्हातला गाळा सोसूनही पोरगं पुढच्या आठवड्यात आपणहून गेलं, तर त्याचं म्हणणं गांभीर्याने घ्या.

जमिनीबाबत घाई नको. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे शहरी कुटुंबाला भाड्याचीच जमीन बघावी लागते. कूळ लागेल या भीतीने मालक कागद करायला कचरतात. तोंडी बोलण्यावर ठिबक आणि शेडनेटचा खर्च करू नका. वकिलाकडून करार करून घ्या आणि त्यात विहिरीच्या पाण्याची पाळी कोणत्या वारी, किती तास, हे स्पष्ट लिहून घ्या. मार्च उजाडला की भांडणं तिथेच सुरू होतात.