अंगावरची अक्षरे

एखाद्या वृद्ध आजीच्या हातावर तुळशीवृंदावन किंवा भावाचे नाव गोंदलेले तुम्ही पाहिले असेल. पूर्वी गोंदण हा दागिना मानीत. चोराला तो नेता येत नाही आणि मरणानंतरही तो सोबत येतो, अशी समजूत असे.

परंतु महाराष्ट्राच्या पूर्वेस, छत्तीसगडमध्ये, महानदीच्या खोऱ्यात काही वृद्ध स्त्रीपुरुषांच्या अंगावर निराळेच गोंदण दिसते. कपाळ, गाल, हात, छाती अशा सर्व ठिकाणी एकच शब्द असतो. तो म्हणजे ‘राम’. अनोळखी मनुष्य ते पाहून चकित होतो, क्वचित हसतोही. पण त्या अक्षरांचे कारण कळले, म्हणजे त्याचे हसू मावळते.

हे लोक रामनामी म्हणून ओळखले जातात. त्यांच्या पूर्वजांना समाजाने अस्पृश्य ठरविले होते. देवळाची पायरी चढण्याची त्यांना मनाई होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चारपारा गावच्या परशुराम नावाच्या पुरुषाने हा पंथ स्थापन केला. देवळाचे दार माणसे बंद करू शकतात. परंतु कातडीत मुरलेले नाव कोण पुसणार? ज्यांना देवळात जागा नव्हती, त्यांनी आपला देहच देऊळ केला.

हे व्रत सोपे नव्हते. दिव्याची काजळी पाण्यात कालवीत आणि तिच्यात बुडविलेल्या सुयांनी अक्षरे टोचीत. सर्वांगावर गोंदवून घेणाऱ्याला प्रत्येक अक्षराची वेदना सोसावी लागे. भजनाच्या वेळी रामनामी रामनाम लिहिलेले वस्त्र पांघरतात, मोरपिसांचा मुकुट घालतात आणि घुंगरांच्या तालावर रामचरितमानसातील चौपाया गातात. त्यांचा राम मूर्तीत सामावलेला नाही; तो निर्गुण असून सर्वांच्या ठायी वसतो, असे ते मानतात.

१९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. आता सर्वांगावर गोंदवून घेणारे तरुण फारसे आढळत नाहीत. गोंदलेला चेहरा घेऊन शहरात काम मिळविणे कठीण जाते. वृद्धांबरोबर ती अक्षरेही हळूहळू नाहीशी होत आहेत.

परक्या मनुष्याच्या अंगावरील खूण आपल्याला विचित्र वाटते, कारण तिच्यामागची हकीकत आपल्याला ठाऊक नसते. रामनामी वृद्धाच्या कपाळावरची ती दोन अक्षरे भक्तीची आहेत, तशीच स्वाभिमानाचीही आहेत. ती वाचता येण्यास अक्षरओळख पुरत नाही; त्यासाठी दुसऱ्याचे दुःख जाणणारे मन लागते.