घरभाड्याची सरकारी मदत : भाडेकरू, घरमालक आणि मधला करार

सरकारने गरिबाला घर बांधून द्यावे, ही कल्पना आपल्या परिचयाची आहे. परंतु घर खाजगी मालकाचे, राहणारा अल्प उत्पन्नाचा भाडेकरू आणि भाड्याचा मोठा हिस्सा दरमहा सरकार भरणार, अशी योजना आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. अमेरिकेत ती पन्नास वर्षांपासून चालू आहे. आपल्याकडेही बाहेरगावी शिकणाऱ्या मुलामुलींना शासनाकडून निवासासाठी पैसे मिळू लागले आहेत. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम अभ्यासाला घेतला.

अमेरिकेत १९३७ च्या कायद्याने सरकारी वसाहती बांधण्यास आरंभ झाला. पुढे मोठ्या शहरांतील पुष्कळ वसाहतींची दुर्दशा झाली. जानेवारी १९७३ मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्या सरकारने नवीन बांधकामाला स्थगिती दिली. २२ ऑगस्ट १९७४ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यातून जुन्या कायद्याच्या आठव्या कलमात भाडे-साहाय्य आले. त्यामुळेच लोक आजही त्याला 'सेक्शन एट' म्हणतात. १९९८ च्या कायद्याने आधीचे दोन प्रकार एकत्र करून आजची व्हाउचर पद्धत आणली. पैसा केंद्र सरकारचा असतो आणि कारभार स्थानिक गृहनिर्माण संस्थांकडे असतो.

व्हाउचर कोणाला मिळते? साधारणपणे ज्या कुटुंबाचे उत्पन्न त्या भागातील मध्यम उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आत आहे त्याला. नव्याने मदत मिळणाऱ्या दर चार कुटुंबांपैकी तीन कुटुंबे याहूनही गरीब, म्हणजे साधारण ३० टक्क्यांच्या आतली असावीत, असा नियम आहे. मात्र पात्र ठरणे आणि मदत मिळणे यांत मोठे अंतर आहे. केंद्राच्या भाडे-मदतीस पात्र असलेल्या चार कुटुंबांमागे सुमारे एकालाच ती मिळते. बाकीचे प्रतीक्षा यादीत असतात, आणि अनेक शहरांत यादीच बंद असते. अन्नाची मदत पात्र माणसाला मागितली की मिळते, घराची मात्र रांगेत मिळते, हे आम्हाला नीट समजायला वेळ लागला.

हिशेब उदाहरणाने पाहू. मुले, वृद्ध, अपंग यांच्यासाठीची वजावट करून एका कुटुंबाचे मासिक उत्पन्न १५०० डॉलर धरले. त्याचे ३० टक्के म्हणजे ४५० डॉलर कुटुंबाने भरायचे. संस्थेने त्या आकाराच्या घरासाठी १४०० डॉलरची मर्यादा ठरवली आहे. घर १३५० डॉलरचे मिळाले तर उरलेले ९०० डॉलर संस्था थेट मालकाला पाठवते. घर १५०० चे घेतले तर मर्यादेवरचे १०० कुटुंबाच्याच अंगावर येतात, म्हणजे ५५०. परंतु १६०० चे घर मिळणार नाही, कारण घर घेताना कुटुंबाचा वाटा उत्पन्नाच्या ४० टक्क्यांपलीकडे, म्हणजे येथे ६०० पलीकडे जाता कामा नये. पुढे काम सुटून उत्पन्न १००० वर आले आणि ते संस्थेला वेळीच कळवले, तर पहिल्या घराचा वाटा ३०० वर येतो आणि संस्थेचा १०५० वर जातो. भाडे तेच राहते, वाटणी बदलते.

यात घरमालकाचे काय? त्याचे दोन करार होतात. एक भाडेकरूशी, दुसरा संस्थेशी. आधी घराची तपासणी होते : पाणी, वीज, खिडक्या, जिना, धोकादायक रंग. मागितलेले भाडे आसपासच्या घरांशी ताडून पाहिले जाते. डिपॉझिट सामान्यतः भाडेकरूनेच भरायचे असते. ठरलेल्या भाड्याखेरीज हातावर वेगळे पैसे घेण्यास मालकाला बंदी आहे. दुरुस्ती न केल्यास संस्था आपला हिस्सा थांबवते, आणि तो भाडेकरूकडून वसूल करता येत नाही. हे कलम आम्हाला फार मोलाचे वाटते. बदल्यात भाड्याचा मोठा भाग मालकाला दरमहा खात्रीने मिळतो. भाडेकरू निवडण्याचा अधिकारही त्याचाच राहतो.

अडचण याच अधिकारात आहे. व्हाउचर हाती आल्यावर घर शोधायला किमान ६० दिवस मिळतात. मुदतीत कोणी मालक 'हो' म्हणाला नाही, तर व्हाउचर परत जाते. केंद्राचा कायदा सर्वसाधारण खाजगी मालकावर सक्ती करीत नाही. २०१८ मध्ये अर्बन इन्स्टिट्यूट या संस्थेने पाच ठिकाणी चाचणी घेतली. फोर्ट वर्थमध्ये ७८ टक्के आणि लॉस एंजेलिसमध्ये ७६ टक्के मालकांनी व्हाउचर नाकारले. वॉशिंग्टनमध्ये मात्र १५ टक्क्यांनीच नाकारले, कारण तेथे अशा नकाराला स्थानिक कायद्याची बंदी होती. पण तशीच बंदी असलेल्या फिलाडेल्फियात नकार ६७ टक्के होता! कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून बंदी लागू केली. वर्णावरून घर नाकारणे १९६८ पासून बेकायदा आहे; 'व्हाउचर घेत नाही' हे वाक्य कधी कधी त्याच्यावरचे पांघरूण असते, अशी तेथील तक्रार आहे.

हे पांघरूण आपल्याला ओळखीचे आहे. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांकडे संस्थानची नोकरी होती, भाडे देण्याची ऐपत होती, तरी राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही अकराव्या दिवशी त्यांना बाहेर पडावे लागले.

महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१७ मध्ये त्यांच्याच नावाने स्वाधार योजना आणली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे. तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी निवासाचे वर्षाला २०,००० रुपये ठरले, म्हणजे महिन्याला १,६६६ च्या आसपास. रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येते. घरमालकाशी शासनाचा करार नसतो. खोली शोधायला विद्यार्थी एकटाच जातो, आणि दारात त्याला आधी आडनाव विचारले जाते.