रेकॉर्डर गप्प बसला की

व्हॉइस रेकॉर्डरमध्ये आवाज आणि त्याची नोंद या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी लिहिल्या जातात. बोलणे चालू असते तेव्हा आवाज तुकड्यातुकड्याने मेमरीत उतरत असतो; फाइल केवढी झाली आणि कुठे संपली, हे मात्र अनेक यंत्रे स्टॉपचे बटण दाबल्यावरच पुरते नोंदवतात. ‘वाव्ह’ फाइलच्या डोक्यावर साधारणपणे ४४ बाइटांची एक पट्टी असते. आवाजाची लांबी तिच्यात लिहिलेली असते. ती लिहून होण्याआधी वीज तुटली तर आवाज मेमरीत पडून राहतो, पण पडद्यावर लांबी शून्य दिसते.

प्रस्तुत लेखकाला हे कळले ते नुकसान झाल्यावर. आत्याकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करताना तासाभराने सेलचे चिन्ह लुकलुकू लागले. स्टॉप दाबला, पण ‘सेव्हिंग’ ही सूचना विझण्याआधीच झाकण सरकवून सेल काढले. फाइल उघडेना. इथवरचे सारे बहुधा परत मिळण्याजोगे होते. खरी चूक पुढची. नवे सेल घालून, त्याच मेमरीवर, आत्याला पुन्हा गायला बसवले. नोंद नसलेली जागा यंत्राच्या लेखी रिकामीच. दुसऱ्या बैठकीचा आवाज पहिल्यावर चढला. पहिल्या बैठकीतली शेवटची वीसेक मिनिटे तेवढी हाती लागली. दुसऱ्यांदा गाताना आत्याला ओव्या त्याच क्रमाने आठवल्या नव्हत्या, हे नंतर ध्यानात आले.

म्हणून फाइल उघडत नसेल तर त्या मेमरीवर आणखी एक सेकंदही मुद्रण करू नये. कार्ड असल्यास यंत्र बंद करून ते काढावे. मोठ्या एसडी कार्डाच्या कडेची बारीक कळ ‘लॉक’कडे सरकवावी. संगणकाने फॉरमॅट करायचे का असे विचारल्यास नकार द्यावा. आधी संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रत काढावी आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. फाइलमध्ये आवाज आहे पण पट्टी अपुरी, असे असेल तर ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत प्रणालीत ती ‘रॉ डेटा’ म्हणून उघडता येते. तिथे मूळ मुद्रणाचे आकडे द्यावे लागतात, उदाहरणार्थ ४४,१०० हर्ट्‌झ, १६ बिट, दोन चॅनेल. आकडा चुकला तर आवाज चिरका किंवा ओढलेला ऐकू येतो. त्याने घाबरून जायचे कारण नाही, आकडा बदलून पाहावा. ‘एमपी३’मध्ये प्रत्येक छोट्या तुकड्याला स्वतःची नोंद असते, त्यामुळे अर्धवट फाइलही बहुधा वाजते. ती जागाही कमी घेते: वरील आकड्यांच्या वाव्हला तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात, १२८ केबीपीएसच्या एमपी३ला ५८च्या आसपास.

‘यंत्र मेले’ अशा तक्रारींत कित्येकदा होल्डची कळ सरकलेली असते, बाकी काही नाही. प्रत्येक वाक्याचा आरंभ कापला जात असेल तर आवाज ऐकून आपोआप सुरू होण्याची सोय चालू राहिलेली असते. मुलाखतीत ती बंदच बरी. यंत्र थेट टेबलावर ठेवल्यास कपबशीचा खडखडाट बोलण्यापेक्षा मोठा येतो. घडी घातलेला रुमाल खाली पुरतो.

सेलची बाब जास्त जपण्याची आहे. महिनोन्‌महिने आत राहिलेले अल्कलाइन सेल पाझरतात. त्यांतले द्रव्य म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड. ते त्वचा आणि डोळे भाजते. हातमोजे घालून सेल काढावेत, पांढरी पूड फुंकू नये. पट्ट्यांवरचा थर कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा थेंब घेऊन पुसावा, मग किंचित ओल्या काडीने, आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घालावेत. जुना-नवा सेल जोडीला लावू नये. चार्ज होणारे निकेल सेल १.५ऐवजी १.२ व्होल्टचे असतात. सेटिंगमध्ये सेलचा प्रकार न सांगितल्यास चिन्ह भलतेच दाखवते आणि ऐन बैठकीत दगा होतो.

लिथियम बॅटरी आत असलेल्या यंत्राचे पोट फुगले, झाकण उचलले गेले, तर ते दाबू नये, टोचू नये आणि ‘फाइल तेवढी काढून घेऊ’ म्हणून चार्जिंगलाही लावू नये. जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवून ते दुरुस्ती केंद्राकडे सोपवावे आणि बॅटरी काढल्यावर मेमरीचे काय करता येईल ते तिथेच विचारावे.