गाडी चढावरच का थांबते? – पेट्रोलच्या नळीचा धडा



काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. एका मार्च महिन्यात चार मुलांना परीक्षेसाठी बेल्लमपल्लीहून मंचेरियालला नेताना ती चढावर बंद पडली. दहा मिनिटे थांबलो की सुरू होई, पुढच्या चढावर पुन्हा बंद! मुले घंटा होता होता वर्गात पोहोचली. त्यांचे उतरलेले चेहरे आम्ही अजून विसरलो नाही.

परत येताच आम्ही घाईने पेट्रोलचा नवा पंप बसवला. खर्च विश्वस्तांनी मंजूर केला. तरी गाडी थांबायची ती थांबलीच. दोष पंपात नव्हताच, टाकीकडून येणाऱ्या नळीत कचरा होता. पैसे गेले ते आमच्या घाईने. म्हणून हा धडा.

पेट्रोलची वाट

पद्मिनीची टाकी मागे, इंजिन पुढे. टाकीतून गाडीखालच्या लोखंडी नळीने पेट्रोल पंपापर्यंत येते. या पंपाला मेकॅनिक ‘एसी पंप’ म्हणतात. पंप ते ओढून कार्ब्युरेटरच्या छोट्या कप्प्यात भरतो. गाडी उभी असताना इंजिनला थोडेच पेट्रोल लागते, तेवढे अर्धवट बुजलेल्या नळीतूनही येते. चढावर मागणी वाढते, कप्पा रिकामा होतो, इंजिन बंद पडते. थोडे थांबून पुन्हा सुरू करताना पंप थोडे थोडे पेट्रोल ओढून कप्पा भरतो आणि गाडी चालू लागते. आमच्या गाडीचे कोडे एवढेच होते.

कचरा येतो कुठून?

अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतील ओल जमते आणि पत्रा गंजतो. महिनोन्महिने उभ्या गाडीतील पेट्रोल सुकून चिकट थर धरतो. जुन्या रबराचे कण सुटतात. २०२५ मध्ये आपल्या देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉल पाणी शोषते आणि जुने थर सोडवते. जुन्या गाड्यांचे रबर अशा पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. त्यामुळे त्यांच्या मालकांनी नळ्या आणि फिल्टर वरचेवर पाहावेत.

आधी तपासणी, मग पाना

१. गाडी बंद पडताच टाकीचे झाकण सैल करावे. हवा आत जाण्याचा आवाज आला आणि गाडी नीट चालली, तर झाकणाचे छिद्र बुजले आहे. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत पडते, तसेच हे.

२. दोष फक्त भर उन्हातच येतो का? मग नळीत पेट्रोलची वाफ धरत असेल. पंपावर ओले फडके ठेवून पाहावे.

३. फिल्टर काळा पडला असेल तर बदलावा. त्यावरचा बाण इंजिनच्या दिशेला हवा.

४. रबरी नळीला भेग आहे का पाहावे. पंपाच्या अलीकडची नळी फाटली तर पेट्रोल गळेलच असे नाही, पंप हवा ओढत राहतो.

एवढे करून दोष राहिला, तरच नळी साफ करावी.

नळीची सफाई

हे काम मोठ्यांचे. मुलांनी लांबून पाहावे. गाडी उघड्यावर, इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. विडी, काडी, चूल जवळ नको. वाळूची बादली हाताशी ठेवावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते.

टाकीत पेट्रोल कमी असताना नळीची दोन्ही टोके सोडवावीत. मागच्या टोकाखाली पत्र्याचा डबा ठेवून पुढून पायपंपाने हलकी हवा सोडावी. पंप जोडलेला असताना हवा मारू नये, त्याचा पडदा फाटतो. डब्यात गंज पडला तर टाकीही रिकामी करून धुवावी, नाहीतर महिन्याभरात तोच खेळ. शेवटी नवा फिल्टर, नव्या क्लिपा आणि गळती पाहून मगच चावी.

एक गोष्ट कधीच करू नये : तोंडाने पेट्रोल ओढणे. आपल्याकडे हे सर्रास चालते. घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. कोणी गिळलेच तर उलटी करवू नये, तडक दवाखान्यात न्यावे.

नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत नळीत मोठा दाब असतो. त्या घरी उघडू नयेत.

पालकहो, मूल गणितात अडले की आपण लगेच नवी शिकवणी लावतो. ते नेमके कुठे अडले, हे आधी पाहावे. कदाचित मागच्या इयत्तेचा एखादा कणच वाटेत असेल.

स्वाध्याय

१. उभी गाडी चालू राहते, मग चढावर का थांबते?
२. डब्याला एक भोक आणि दोन भोके पाडून पाणी ओता. काय फरक दिसला, तो वहीत लिहा.