नळाची तोटी : एका लहान यंत्राचा अभ्यास

शालेय इतिहासात धरणे येतात, कालवे येतात, विहिरी आणि तळी येतात. नळाची तोटी मात्र येत नाही. निवासी शाळेत राहिलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा दिवस तोटीपाशी सुरू होतो आणि रात्रीचे ताट विसळून तोटीपाशीच संपतो. तरीही तिची रचना कशी घडत गेली, ती का गळते आणि ती अधिक चांगली कशी करता येईल, हे प्रश्न वर्गात क्वचितच विचारले जातात. इतिहास शिकविणाऱ्यांनी यंत्राविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या समाजाच्या इतिहासात पाणी आणि पाण्यापाशी पोहोचणारा हात हे दोन विषय निरनिराळे करता येत नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

तोटी ही मुळात एक झडप आहे. वाहत्या पाण्याच्या वाटेत अडथळा आणणे, तो हवा तेव्हा हवा तेवढा दूर करणे आणि पुन्हा जागेवर आणून बसविणे, एवढेच तिचे काम. हे काम सोपे वाटते. पण अडविलेले पाणी उगीच थांबत नाही, ते ढकलत असते. पाण्याची पातळी तोटीपेक्षा दहा मीटर उंच असेल, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम भार पडतो. तलाव जितका खोल, टाकी जितकी उंच, तितका हा भार अधिक. झडपेच्या रचनेतील सुधारणांचा इतिहास म्हणजे या भाराशी केलेल्या निरनिराळ्या तडजोडींचा इतिहास होय.

या बाबतीत सिंहल द्वीपातील बौद्ध राजवटींचे उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावयास हवे. अनुराधपूर व पोलोन्नरुव येथील राजांनी स्तूप आणि विहार जसे बांधले, तसेच प्रचंड तलावही बांधले. मातीच्या बांधातून पाणी सोडावयाचे, तर ते वेगाने धावून बांधच फोडण्याचा धोका. त्यावर तेथील स्थापत्यकारांनी बांधाच्या अंगातच दगडी बांधणीची चौकोनी विहीर घेतली. तलावातील पाणी प्रथम या विहिरीत यावे, तेथे त्याचा प्रवाह नियंत्रित व्हावा, वेग शमावा आणि मग ते भुयारी मोरीने शेताकडे जावे, अशी ही योजना. सिंहली भाषेत तिला ‘बिसोकोटुव’ म्हणतात. हेन्री पार्कर या ब्रिटिश पाटबंधारे अभियंत्याने १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात आधुनिक धरणांच्या झडप-मनोऱ्यांचे मूळ या विहिरींत असल्याचे म्हटले आहे. तलावाच्या आकारापेक्षा त्याचे दार अधिक विचारपूर्वक बांधावे लागते, हे त्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी जाणले होते.

घरगुती तोटीचा वंश रोमन जगातून येतो. पोम्पेई नगराच्या अवशेषांत कांस्याच्या तोट्या सापडल्या आहेत. निमुळत्या आकाराचा एक खुंटा, त्यात आरपार छिद्र. खुंटा पाव फेरा फिरविला की छिद्र नळीच्या रेषेत येते आणि पाणी वाहू लागते, पुन्हा पाव फेरा फिरविला की थांबते. ही रचना इतकी साधी आणि चोख होती की शतकानुशतके तीत फारसा बदल करावा लागला नाही. तिचे दोष दोन. धातूवर धातू घासत असल्याने पाण्यातील बारीक वाळू खुंट्यावर चरे पाडते आणि तेथून गळती लागते. दुसरा दोष असा की खुंटा झटक्यात बंद होतो.

झटक्यात बंद होणे हा दोष कसा, असे विद्यार्थी विचारतात. नळीतून धावणारे पाणी म्हणजे एक लांबच लांब, जड दांडा समजा. तो एकाएकी अडविला तर त्याचा सारा वेग दाबात बदलतो आणि ती दाबलाट नळीतून मागे धावते. नळ बंद करताच भिंतीत ‘ठक्’ असा आवाज येतो, तो याच लाटेचा. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठा नळांवर प्रयोग करून याचे गणित मांडले. धातूच्या नळीतून सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी क्षणात थांबविले, तर दाब सुमारे १२ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर इतका वाढतो. म्हणजे नळावर एकाएकी १२० मीटर उंचीची टाकी उभी केल्यासारखे झाले!

पाणी दिवसातून थोडाच वेळ आणि कमी दाबाने येत होते, तोवर खुंट्याच्या तोटीने निभावून नेले. १८३१ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे टॉमस हॉक्स्ली या अभियंत्याने अखंड दाबाखाली पाणी देणारी योजना उभारली आणि अशा योजनांचा प्रसार होऊ लागला, तेव्हा जुनी तोटी अपुरी पडली. त्यावरचा टिकाऊ तोडगा रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्यातून आला. त्यांच्या आट्यांच्या तोटीचे पेटंट १८४५ चे आहे. आज आपल्या घरोघरी असलेला साधा पितळी नळ तिचाच वंशज होय.

या तोटीत पाण्याची वाट एका गोल बैठकीतून वर येते. बैठकीवर वायसर टेकतो. पूर्वी तो चामड्याचा असे, आता रबराचा असतो. वायसराला वरून दाबणारा दांडा आट्यांचा असतो आणि त्याच्या डोक्यावर मूठ. मूठ अनेक फेरे फिरवावी तेव्हा दांडा थोडासाच खाली सरकतो. येथे रचनेचे दोन्ही गुण एकदम साधतात. पहिला, वाट हळूहळू बंद होत असल्याने दाबलाट उसळत नाही. दुसरा, आट्यांमुळे हाताचा जोर कित्येक पटींनी वाढतो. १५ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रावर ५ किलोग्रॅमचा दाब असेल, तर पाणी वायसराला सुमारे ९ किलोग्रॅम भाराने वर ढकलत असते. तरी दहा वर्षांचे मूल ते दोन बोटांनी बंद करू शकते. आणि झीज होते ती पितळेची नव्हे, वायसराची. झिजणारा भाग स्वस्त असावा आणि सहज बदलता यावा, ही या रचनेतील खरी बुद्धिमत्ता, असे आम्हांस वाटते.

याच काळात नळ आपल्याकडे आले. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये मुंबई शहरात पोहोचले आणि पुढील दशकांत इतर गावी, शाळांच्या आवारांतही तोट्या दिसू लागल्या. विहिरीवर कोणीतरी पाणी ओढावे लागते. नळावर कोणाचीच गरज नाही. ज्याला तहान लागेल त्याने मूठ फिरवावी. यंत्राच्या दृष्टीने पाहता पाणी वाढणारा मध्यस्थ येथे संपावयास हवा होता.

तो संपला नाही. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत आपल्या शाळेतील नळाची हकिकत नोंदविली आहे. वाचकांना ती माहीत आहे. शाळेत नळ होता, नळाला पाणीही होते. परंतु त्या विद्यार्थ्याने मुठीला हात लावावयाचा नव्हता. गुरुजींची परवानगी मिळाली तरी तोटी उघडण्यासाठी शिपाई लागे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानेलेच राहावे लागे. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्ही या प्रसंगाकडे पाहतो, तेव्हा विटाळाचा नियम यंत्राच्या नेमक्या कोणत्या भागावर येऊन बसला, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. पाणी नळीत बंदिस्त होते, त्याला कोणाचाही स्पर्श होत नव्हता. स्पर्श होणार होता तो केवळ पितळेच्या मुठीला. इंग्लंडच्या कारखान्यात हाताचा जोर वाढविण्यासाठी जी मूठ घडविली गेली, तीच येथे हात अडविण्याची जागा झाली.

महात्मा फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांविषयीचा ठराव संमत झाला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नामनिर्देश आहे. हा सारा क्रम तोटीच्या सुधारणेच्या इतिहासातच मोडतो, असे आम्ही वर्गात सांगतो. १८४५ च्या पेटंटाने जे काम अर्धे केले होते, ते या मार्गाने पुढे गेले.

आता वसतिगृहातील तोटीकडे वळू. शेकडो मुले एकाच तासात जिचा वापर करतात, त्या तोटीची परीक्षा घरच्या तोटीहून कठीण असते. आट्यांची तोटी येथे दोन कारणांनी बिघडते. एक म्हणजे थेंब थांबत नाही असे पाहून मोठी मुले ती अधिक जोराने आवळतात. वाढलेला जोर देणारे आटे मग वायसरालाच चिरडतात, त्याखालची बैठक खरवडली जाते, आणि त्यानंतर नवा वायसर घातला तरी गळती राहते. दुसरे म्हणजे घाईत तोटी अर्धवट बंद करून मुले निघून जातात. सेकंदाला एक थेंब पडत असेल आणि २० थेंबांचे १ मिलिलिटर धरले, तर एका दिवसात ४.३ लिटर आणि वर्षात दीड हजार लिटरांहून अधिक पाणी वाया जाते. हे गणित पाचवीच्या वर्गाला बाटली व घड्याळ देऊन प्रत्यक्ष करवून घेता येते, आणि मुलांना ते आवडते.

बाजारात यावर तीन-चार उपाय मिळतात. आपोआप बंद होणारी, दाबाची तोटी अनेकांनी रेल्वेच्या डब्यात पाहिली आहे. तीत स्प्रिंग असते. बोट काढताच वाट मिटते. पाणी वाचते खरे, पण एक हात बटणावर अडकल्याने दुसरा हात धुवावयाचा कसा? एका हाताने तोंड धुणाऱ्या मुलाकडे पाहिले की ही रचना करणाऱ्याने स्वतः ती कधी वापरली होती काय, अशी शंका येते. काही सेकंदांनी बंद होणारा सुधारित प्रकारही आहे. त्यात एक लहान कप्पा सूक्ष्म छिद्रातून सावकाश भरतो आणि भरला की झडप बसते. कल्पना सुंदर आहे; परंतु बोअरच्या पाण्यातील कचरा ते छिद्र बुजवितो.

अलीकडच्या पाव फेऱ्याच्या तोट्यांत चिनी मातीसारख्या पदार्थाच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात. त्या बहुधा ॲल्युमिनाच्या असतात. काठिण्याच्या मोह्स श्रेणीत ॲल्युमिना ९ वर, तर वाळूतील क्वार्ट्झ ७ वर. म्हणून वाळूने चकती सहसा खरवडत नाही. रोमन खुंट्याचा पाव फेरा येथे परत आला, तोही झिजेवाचून. मनगटाने किंवा कोपरानेही ही तोटी उघडता येते, हे अपंग विद्यार्थ्यांच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. मात्र क्षारयुक्त पाण्यात चकत्यांवर पुटे चढून मूठ जड होते, आणि मग आतला सगळा संच बदलावा लागतो. प्रत्येक कंपनीचा संच निराळा. तालुक्याच्या बाजारात तो मिळेलच असे नाही. शिवाय यांपैकी पुष्कळशा तोट्या शहरी दाबासाठी बनविलेल्या असतात. आपल्या टाक्या तोटीपासून चार मीटरांवर असतील, तर दाब जेमतेम ०.४ किलोग्रॅम, मग देखण्या तोटीतून करंगळीएवढी धार येते आणि रांग लांबते.

तेव्हा आमचे मत असे की, हात धुण्याच्या ओळीत लांब दांडीच्या, पाव फेऱ्याच्या तोट्या असाव्यात आणि बादल्या भरावयाच्या ठिकाणी आयएस ७८१ या भारतीय मानकाची जाड पितळी, आट्यांचीच तोटी असावी. टाकीतून निघणाऱ्या नळावर जाळीची गाळणी अवश्य बसवावी. भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र, ‘परिस्सावन’, समाविष्ट आहे. तेथे हेतू सूक्ष्म जीवांच्या रक्षणाचा आहे. गाळणीने तोटीचेही रक्षण होते, हा वरचा लाभ.

गावाकडे पाहिले तर प्रश्न तोटीपाशी नसून तिच्या फार मागे, रस्त्यातल्या चेंबरमध्ये असतो. मोठ्या झडपेची चावी ज्याच्या हाती, तो व्हॉल्व्हमन आटे किती फिरवितो यावर कोणत्या वस्तीला किती पाणी ते ठरते. नळयोजनेच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वस्तीत सुंदर तोट्या असूनही त्या कोरड्या राहिल्याचे आमच्या अनेक पालकांनी अनुभवले आहे. येथे रचनेतील सुधारणा म्हणजे प्रत्येक वस्तीला स्वतंत्र टाकी आणि तिच्या वाटेत ठरावीक मापाचे छिद्र असलेली, प्रवाह नियंत्रित करणारी झडप, जिचे प्रमाण रोजच्या रोज कोणाच्या मर्जीने बदलता येत नाही. ग्रामसभेत पाण्याचा विषय निघेल तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी तोट्यांच्या संख्येबरोबर ही मागणीही नोंदवावी.

शाळेत आठवीपासून प्रत्येकाला वायसर बदलता यावा. क्रम असा : प्रथम मुख्य झडप बंद करावी, मग तोटी पूर्ण उघडून नळीतले पाणी जाऊ द्यावे. पान्याने वरची टोपी सोडवून दांडा उचलावा, जुना वायसर काढावा. नवा घालण्यापूर्वी बैठकीच्या कडेवरून बोट फिरवून पाहावे. खाच लागली तर बैठक घासून घ्यावी लागेल, ते काम कारागिराचे. टोपी बसविल्यावर मुख्य झडप सावकाश उघडावी. पाना, वायसर आणि टेफ्लॉनची पट्टी असलेली पेटी कार्यालयात कुलपात न ठेवता वसतिगृहाच्या ओट्यावर ठेवावी, आणि मुख्य झडप कोठे आहे ते नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात दाखवावे.