समुद्राकाठी घर पाहताना

(आजकाल काही माणसे कचेरीत न जाता घरी बसून संगणकावर काम करतात. अशा माणसाला कोठेही राहता येते. पण 'कोठेही' म्हणजे नेमके कोठे? भिवंडीच्या एका कुटुंबाने रत्नागिरीत घर कसे शोधले, ते या पाठात सांगितले आहे.)

आमचे घर भिवंडीत यंत्रमागांच्या वस्तीत आहे. दोन खोल्या, आणि भिंतीपलीकडे लूमचा कारखाना. दिवसरात्र खटखट चालू असते. आम्हां भावंडांना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की रात्री वीज गेली आणि माग थांबले, की आम्ही झोपेतून जागे होत असू.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही आपा म्हणतो, एका कंपनीचे हिशेब ठेवते. २०२० साली करोनाची साथ आली, टाळेबंदी झाली आणि आपाची कचेरी घरात आली. पुढे साथ ओसरली, पण तिचे काम घरीच राहिले. वीज, संगणक आणि इंटरनेट एवढे असले की तिचे काम चालते. कंपनीचा फोन आला की ती स्वयंपाकघराचे दार लावून कोपऱ्यात उभी राहायची. तरी पलीकडचा माणूस विचारायचा, "मॅडम, तुमच्याकडे पाऊस पडतोय का?" तो लूमचा आवाज असे. आपा हसून म्हणायची, "हो, आमच्याकडे बारा महिने पाऊस असतो."

पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. अम्मीचा खोकला वाढत चालला होता. जिना चढताना तिला दोनदा थांबावे लागे. डॉक्टर म्हणाले, "सुताची बारीक धूळ यांच्या छातीला सोसत नाही. औषध देतो, पण आधी हवा बदला."

माझी शाळा भिवंडीत असल्याने मला हलता येत नव्हते. आपाचे काम मात्र ती जाईल तेथे तिच्याबरोबर जाणार होते. अम्मीचे माहेर रत्नागिरीचे. तेथे मामू राहतात. ते अनेक वर्षे मच्छिमार बोटीवर तांडेल होते. आम्ही त्यांना फोन केला. ते म्हणाले, "जरूर या. पण घर पाहायला उन्हाळ्यात येऊ नका, जुलैमध्ये या. चांगल्या दिवशी सगळेच मोहल्ले चांगले दिसतात."

म्हणून आम्ही भर पावसात निघालो. पनवेलला कोकण रेल्वेच्या गाडीत बसलो. ही रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर सुरू झाली. रेल्वे येण्याआधी लोक रत्नागिरीला एस.टी.ने जात, आणि त्याही पूर्वी मुंबईहून आगबोटी जात. पावसाळ्यात या मार्गावरच्या गाड्या वेगळ्या वेळापत्रकाने, कमी वेगाने धावतात. बोगद्यामागून बोगदे गेले. अम्मी खिडकीशी बसून होती.

पहिल्या दिवशी मामूंनी आम्हांला थिबा पॉइंटवर नेले. जवळच थिबा राजाचा वाडा आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशचे राज्य जिंकले आणि त्याच्या राजाला रत्नागिरीत आणून कैदेत ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला हा वाडा १९१० मध्ये पूर्ण झाला. सहा वर्षांनी राजा येथेच वारला. मामू म्हणाले, "येथून दिसणारा देखावा पाहा. पण राजाने ही जागा निवडली नव्हती. आपल्याला निवडता येते, ही मोठी गोष्ट आहे. तेव्हा घाई करू नका."

खाली भाट्याची खाडी, तिच्यावरचा पूल, खाडीकाठचा राजिवडा आणि पलीकडे समुद्र दिसत होता. मामूंनी हात करून सगळे गाव समजावले. बाजारपेठ आणि मांडवी खाली समुद्राकडे. मिरकरवाडा हे मासेमारीचे बंदर. मारुती मंदिर, शिवाजीनगर, साळवी स्टॉप हे भाग वर, जांभ्या दगडाच्या सड्यावर. रेल्वे स्टेशन त्याहून लांब, कुवारबावकडे. आपाने वहीत नकाशा काढला. तिने ठरवले, की रोज एका मोहल्ल्यात बसून दिवसभर आपले काम करून पाहायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही मांडवीच्या बाजूला एक खोली पाहिली. खिडकी उघडली आणि समोर समुद्र! आपा एकदम म्हणाली, "हेच घर." तिने संगणक उघडला. तासाभरात पाऊस आला. कोकणात पावसाळी वारे समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतात. समुद्रही पश्चिमेलाच आहे. त्यामुळे ज्या खिडकीतून समुद्र दिसतो, तीच खिडकी पावसाचा मारा खाते. आम्ही खिडकी लावली. दिवसा दिवा लावावा लागला. खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या गजांना गंज चढला होता. अम्मीने भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाली, "ही भिंत रडते आहे." कपाटामागे ओलीने बुरशी आली होती. सुताची धूळ सोडून बुरशीत येण्यात अर्थ नव्हता. आपाने वही मिटली, पण उतरताना ती दोनदा मागे वळून पाहत होती.

तिसरा दिवस मामूंच्या घरी, राजिवड्यात. तेथे अम्मीचा चेहरा खुलला. मशीद जवळ, मासळी ताजी आणि गल्लीत सारे ओळखीचे. पण आपाची पंचाईत झाली. ती काम करू लागली की कोणी ना कोणी भेटायला येई. "घरीच आहेस ना? मग जरा बस की आमच्याशी!" घरी बसून केलेले काम लोकांना काम वाटत नाही. संध्याकाळपर्यंत तिचा अर्धा हिशेबही झाला नव्हता.

रात्री मामूंनी आम्हांला भरती-ओहोटी समजावली. दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी व चंद्र जवळजवळ एका रेषेत येतात, म्हणून त्या सुमारास मोठी भरती येते. तिला उधाण म्हणतात. "तुम्हांला चाँदच्या तारखा पाठ असतात," मामू म्हणाले. "नवा चाँद दिसला की उधाण आणि चौदावीच्या चाँदच्या सुमारास पुन्हा उधाण. मधल्या सातव्या-आठव्या चाँदला भरती लहान, त्याला आम्ही भांग म्हणतो. पावसात उधाण आले, की खाडीचे पाणी माझ्या अंगणाच्या कडेला येते. मला त्याची सवय आहे. पण संगणक जमिनीवर ठेवू नका!"

मग त्यांनी वादळाची आठवण सांगितली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आले. त्या दिवशी 'बसरा स्टार' नावाचे जहाज भरकटून रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्याला लागले. त्याच वादळाने दापोली-मंडणगड भागात विजेचे खांब आडवे केले आणि कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ या किनाऱ्यावरून गेले. आपा गप्प झाली. विजेशिवाय आठ दिवस गेले तर तिची नोकरी राहणार नव्हती, आणि अम्मीचे औषध त्याच पगारातून येत होते.

चौथ्या दिवशी आम्ही वरच्या भागात गेलो. एका घरी 'जागा भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. घरमालकांनी आत बोलावले, पाणी दिले, मग नाव विचारले. नाव ऐकल्यावर ते म्हणाले, "जागा कालच दिली." आम्ही बाहेर आलो, तेव्हा पाटी तशीच लटकत होती. आपा काही बोलली नाही. मामू म्हणाले, "चला, अजून दिवस मावळला नाही."

मारुती मंदिरापासून काही अंतरावर एक जांभ्याचे कौलारू घर होते. अंगणात विहीर होती. घराच्या मालकीण वयस्कर होत्या. सगळे त्यांना काकू म्हणत. समुद्र कोठेही दिसत नव्हता. आपाने वहीतले प्रश्न एकेक करून शुद्ध मराठीत विचारले. वीज किती वेळा जाते? गेली तर किती वेळाने येते? मोबाईलला रेंज कोणत्या खोलीत येते? इंटरनेटची तार येथवर आली आहे का? मे महिन्यात नळाला पाणी किती दिवसांआड येते? विहिरीचे पाणी गोड की मचूळ? पश्चिमेच्या भिंतीला ओल येते का? दवाखाना किती लांब? राजिवड्याला जायला रिक्षा मिळते का?

काकू हसल्या. "एवढे प्रश्न तर मुलगी पाहायला आलेलेसुद्धा विचारत नाहीत!" मग त्यांनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. जे वाईट होते तेही सांगितले. "पावसात वीज जाते. शेजारच्या घरी इन्व्हर्टर आहे, अडचण आली तर ते नाही म्हणणार नाहीत. आणि ऐका, मासे खुशाल शिजवा, आम्हीही खातो. पण विहिरीवर कपडे धुवायचे नाहीत!" अम्मी आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "विहीर तुमची, ती माझी पण आई." काकूंनी तिला चहा घेतल्याशिवाय सोडले नाही.

भाडेकरार मराठीत होता. आपाने तो मोठ्याने वाचला आणि एका ओळीशी थांबली. 'सदर जागेत कोणताही व्यवसाय करू नये' असे तेथे लिहिले होते. आपा म्हणाली, "काकू, मी घरी बसूनच नोकरी करते. उद्या यावरून वाद नको." काकूंनी खाली एक ओळ लिहवून घेतली : 'घरी बसून संगणकावर नोकरीचे काम करण्यास हरकत नाही.' मी मनात म्हटले, शाळेत मराठीच्या तासाला झोपणाऱ्या मुलांना ही गोष्ट सांगितली पाहिजे. ती ओळ वाचता आली नसती, तर सही करून आपण काय मान्य केले, हे आपाला कळलेच नसते.

अम्मी आणि आपा आता तेथे राहतात. दर रविवारी त्या राजिवड्याला जातात आणि परतताना मांडवीला उतरून समुद्र पाहतात. समुद्र रोज खिडकीत नसला तरी चालतो. रोज लागतात ती कोरडी भिंत, न तुटणारी तार आणि हाकेला ओ देणारे शेजारी. घर पाहायला गेलेल्या माणसाचे डोळे देखाव्याकडे धावतात. राहायचे असते ते मात्र त्या वस्तीत, बारा महिने आणि चोवीस तास.

सुरुवातीला अम्मीला खटखट नाही म्हणून झोप येत नव्हती. आता येते. खोकला पूर्ण गेला नाही, पण अंगणाच्या पायऱ्या ती न थांबता चढते.

परवा आपाचा फोन आला. म्हणाली, "आज कंपनीच्या माणसाने पुन्हा विचारले, 'मॅडम, पाऊस पडतोय का?' मी म्हटले, हो, या वेळी खरंच पडतोय."

शब्दार्थ

टाळेबंदी – लॉकडाउन; तांडेल – बोटीवरील खलाशांचा प्रमुख; आगबोट – वाफेवर चालणारे जहाज; जांभा – कोकणातील लालसर दगड; सडा – डोंगरावरील सपाट खडकाळ जागा; बुरशी – ओलीमुळे येणारा थर; उधाण – मोठी भरती; भांग – लहान भरती; मचूळ – किंचित खारट; कौलारू – कौलांचे छप्पर असलेले; भाडेकरार – भाड्याच्या अटींचा लेखी कागद.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डॉक्टरांनी अम्मीबाबत कोणता सल्ला दिला?
(आ) मामूंनी घर पाहायला जुलैमध्ये का बोलावले?
(इ) उधाण केव्हा येते?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) समुद्राकडे खिडकी असलेली खोली आपाने का सोडली?
(आ) राजिवड्यात अम्मीला आनंद झाला, पण आपाची पंचाईत झाली. असे का?
(इ) भाडेकरारातील कोणती ओळ आपाला खटकली? तिने काय केले?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "ही भिंत रडते आहे."
(आ) "चला, अजून दिवस मावळला नाही."
(इ) "जागा कालच दिली."

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा.
पंचाईत होणे, चेहरा खुलणे, हाकेला ओ देणे, हरकत नसणे.

प्र. ५. 'पाटी तशीच लटकत होती' या वाक्यातून लेखकाला काय सांगायचे आहे? तुमचे मत पाच-सहा ओळींत लिहा.

उपक्रम : तुमच्या मोहल्ल्यात नवे कुटुंब राहायला येणार आहे, असे समजा. त्यांनी विचारावेत असे दहा प्रश्न मराठीत लिहा आणि घरातील मोठ्या माणसांना विचारून त्यांची खरी उत्तरे मिळवा.